‘येशू झालाच नाही’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

पोथीवाला:
आठ दिवस एकच पोस्ट फिरते आहे: ‘येशू हे निव्वळ मिथक. समकालीन इतिहासकारांपैकी एकानेही त्याचं नाव घेतलेलं नाही. ख्रिस्त म्हणजे आपला कृष्णच.’ वाचून राहवलं नाही.

कृष्णापासून सुरू करतो, कारण ते लगेच संपतं. ‘ख्रिस्तोस’ हे नावच नव्हे. ‘अभिषिक्त’ या अर्थाच्या हिब्रू ‘मशिअख’ शब्दाचं ते ग्रीक भाषांतर आहे, तेल लावणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचं मूळ एक होत नाही.

आता ‘समकालीन’. येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पिलात इ. स. 26 ते 36 अशी दहा वर्षं यहूदियाचा सुभेदार होता. तरीही त्याच्या नावाचा शिलालेख 1961 मध्ये हाती आला, कैसरियाच्या नाट्यगृहात पायरी म्हणून बसवलेल्या दगडावर. सुभेदाराची ही गत, तर गालीलातल्या खेड्यातल्या उपदेशकाची नोंद रोमन दप्तरात कशी शोधता?

आणि ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल, त्याचं काय करणार? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की यरुशलेमात तो केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, 15 दिवस राहिला आणि ‘प्रभूचा भाऊ याकोब’ यालाही भेटला. हे पत्र इ. स. 50 च्या आसपासचं. कल्पनेतल्या माणसाचा भाऊ कोणाला भेटत नसतो.

उलटतपासणी:
कृष्णाचं सोडून द्या, ते मीही मानत नाही. पण पौल सगळ्याच श्रद्धावंतांना ‘भाऊ’ म्हणतो. ‘प्रभूचा भाऊ’ ही पदवी नसेल कशावरून? अभ्यासक ज्या सात पत्रांना निर्विवाद पौलाची मानतात, त्यांत नासरेथ नाही, मरिया नाही, पिलात नाही. गावाचं नाव नाही, आईचं नाव नाही, मारणाऱ्याचंही नाव नाही. एवढं मोठं मौन तुम्हाला खटकत नाही?

आणि आता पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस काढू नका. त्याच्या यहुद्यांच्या इतिहासाच्या अठराव्या खंडातला येशूवरचा तो उतारा क्षेपक, म्हणजे मागाहून घुसवलेला, आहे हे शेंबडं पोरही सांगेल. ‘हा ख्रिस्त होता, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत दिसला’ हे यहुदी माणूस लिहील?

पोथीवाला:
मौन खटकतं, पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात नववा अध्याय बघा. ‘इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा’ अशी तीन नावं वेगवेगळी घेतली आहेत. भाऊ म्हणजे नुसता श्रद्धावंत असेल, तर केफा श्रद्धावंत नव्हता का?

मोडी:
जोसीफसवर दोघेही घाईने बोलता आहात. उतारा अख्खा खरा किंवा अख्खा खोटा असे दोनच पर्याय नाहीत. ‘त्याला माणूस म्हणावं की नाही’, ‘तो ख्रिस्त होता’ आणि पुनरुत्थानाचं वाक्य एवढे तीन तुकडे काढून वाचा. उरतं ते असं: एक शहाणा माणूस, अचंबित करणारी कृत्यं करणारा; आमच्यातल्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून पिलाताने त्याला क्रुसावर चढवलं; त्याच्या नावाची जमात अजून टिकून आहे. वाक्य कुठे तुटत नाही.

क्षेपक शिरतं कसं, तेही बघा. वाचणारा समासात टीप लिहितो. पुढच्या नकलकाराला वाटतं, मजकूर लिहायचा राहिला म्हणून बाजूला घातला आहे, आणि तो ती टीप ओळीत घेतो. तिसऱ्या नकलेत खूणही उरत नाही. एकनाथांना 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, ती अशाच घुसलेल्या पाठांमुळे.

उलटतपासणी:
मोडीताई, मग भांडारकर संस्थेने महाभारताला लावलेला नियम इथेही लावा. तिथे शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली आणि ज्याला हस्तलिखितांचा पुरेसा आधार नाही तेच तळटिपेत गेलं. तुम्ही इथे हस्तलिखिताशिवाय कात्री चालवता आहात! या खंडाची सर्वांत जुनी ग्रीक प्रत अकराव्या शतकातली, आणि ते तीनही तुकडे नसलेली एकही ग्रीक प्रत नाही. नको तेवढं काढायचं आणि हवं ते ठेवायचं, याला संहिता-चिकित्सा म्हणत नाहीत, वकिली म्हणतात.

मोडी:
वकिली शब्द मागे घ्या. प्रत नाही, पण साक्षीदार आहे. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिगेन लिहितो की जोसीफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. त्याच्यासमोरच्या प्रतीत ‘हा ख्रिस्त होता’ असं असतं, तर त्याने हे लिहिलंच नसतं. साठ-सत्तर वर्षांनी ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस तोच उतारा त्या वाक्यासकट देतो. भर पडली ती या दोघांच्या मधल्या काळात.

उलटतपासणी:
किंवा ओरिगेनच्या प्रतीत उताराच नव्हता. ‘वकिली’ मागे घेतो, मुद्दा नाही.

वसईचा वारा:
तुम्ही सगळे पोथ्या मोजता, पण लूक शुभवर्तमानात साफ सांगतो की रोमन सुभेदार क्विरीनियसच्या नावनोंदणीच्या वेळी येशूचा जन्म झाला. एवढा नेमका तपशील कोणी रचतं का? आमच्या श्रद्धेला मिथक म्हणताना जरा तरी जबाबदारीने बोला.

पोथीवाला:
दादा, श्रद्धेला कोणी हात लावलेला नाही. पण तोच तपशील अडचणीचा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात जन्म हेरोद राजाच्या हयातीतला, आणि हेरोद इ. स. पू. 4 मध्ये वारला. क्विरीनियसची नोंदणी इ. स. 6 ची. मध्ये जवळपास दहा वर्षं. मसीहा, म्हणजे तोच ‘मशिअख’, बेथलेहेमचा हवा आणि माणूस नासरेथचा, म्हणून दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी त्याला बेथलेहेमला नेलं. पात्र काल्पनिक असतं तर थेट बेथलेहेमचंच केलं असतं. नासरेथ गैरसोयीचं होतं आणि तरीही टाळता आलं नाही, हाच माझा पुरावा.

वसईचा वारा:
तारखा जुळत नाहीत, हे मान्य करावं लागतं. तुमचा निष्कर्ष आमच्या बाजूचा असला, तरी वाट पटत नाही.

उलटतपासणी:
वाट मलाही पटत नाही. ‘गैरसोयीचं म्हणून खरं’ हा नियम पुराणकथांना लावा, अर्ध्या कथा इतिहास ठरतील.

मोडी:
जोसीफसचा विसावा खंड मात्र तुम्ही टाळता आहात. इ. स. 62, सुभेदार फेस्तस वारलेला, नवा अल्बिनस अजून वाटेत. त्या फटीत महायाजक अनानस न्यायसभा भरवून ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ याकोब याला दगडमाराची शिक्षा देतो. ख्रिस्ती नकलकाराने ‘प्रभूचा भाऊ’ लिहिलं असतं, ‘म्हटल्या जाणाऱ्या’ कशाला लिहील?

उलटतपासणी:
मत्तयच्या पहिल्याच अध्यायात ‘ख्रिस्त म्हटलेला येशू’ आहे, म्हणजे ख्रिस्ती लेखणीला तो शब्दप्रयोग नवा नव्हता. शिवाय त्याच प्रकरणात पुढे दाम्नेयसचा मुलगा येशू महायाजक होतो. मूळ येशू तोच आणि ‘ख्रिस्त’ ही समासातली टीप. मोडीताई, टीप ओळीत शिरते हे तुम्हीच शिकवलंत.

मोडी:
मग पहिल्या ठिकाणी नुसता ‘येशू’ उरतो आणि बापाचं नाव पुढे येतं. जोसीफसच्या लिखाणात वीसेक येशू आहेत. ओळख द्यायची ती पहिल्याच उल्लेखात, नाहीतर वाचकाला कळणार कसं?

उलटतपासणी:
ठीक. विसाव्या खंडापुरतं तुमचं वाचन जास्त सरळ आहे, एवढंच म्हणतो. अठरावा खंड मात्र पुराव्यातून बाहेर.

मोडी:
त्याआधी ख्रिस्ती बिशप अगापियस याने दिलेला त्याच उताऱ्याचा अरबी पाठ बघा. दहाव्या शतकातला, श्लोमो पिनेस यांनी 1971 मध्ये पुढे आणलेला. त्यात ‘तो कदाचित मसीहा असावा’ एवढंच आहे.

उलटतपासणी:
बघितला आहे. तो सिरियाक या जुन्या अरामी बोलीतून आलेला, आणि सिरियाकच्या मागे पुन्हा युसेबियसच. युसेबियसच्या आधीचं एक पान दाखवा, अठरावा खंड परत आत घेतो.