आवाजी कॅप्चा हा पुरेसा पर्याय नाही
कॅप्चा म्हणजे वेबसाइटवर समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणारी चाचणी. काहीजण म्हणतात की अंधांना त्यातली चित्रं दिसत नसतील तर आवाजाचा कॅप्चा आहेच, ऐकलेले आकडे टाइप करायचे. मला हे अजिबात पटत नाही. आकडे ऐकू येत असतानाच स्क्रीन रीडरही, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही, बोलत असतो. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तो वाचतो आणि पुढचा आकडा त्यात बुडतो. वर मुद्दाम मिसळलेली खरखर! बरं, यंत्रं तरी अडतात का? मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये फुकट मिळणाऱ्या उच्चार-ओळख सेवा वापरून गूगलच्या रीकॅप्चा या कॅप्चाची आवाजी चाचणी सुमारे ८५ टक्के वेळा सोडवली. गूगलने मग आकड्यांऐवजी बोललेली वाक्यं आणली, तर पुढच्या प्रयोगात यश ९० टक्क्यांवर गेलं, तेही गूगलचीच सेवा वापरून. आणि ज्यांना दिसतही नाही, ऐकूही येत नाही, त्यांचं काय? निदान सरकारी फॉर्मवर तरी कॅप्चाऐवजी ईमेलने दुवा पाठवायची सोय हवीच. तो ईमेल ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे मजकूर बोटांनी वाचायच्या उठावदार ठिपक्यांत दाखवणाऱ्या उपकरणावर, वाचता येतो.