मदत हवी आहे: सासूबाईंना मोड कच्चे द्यावेत की शिजवून?

नमस्कार मंडळी,

आम्ही परळला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बऱ्याच वर्षांपासून चालू. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी वाटीभर मोड आलेले मूग कच्चेच खातात, वर चिमूटभर मीठ. भजनी मंडळातल्या कुणीतरी त्यांना सांगितलंय की शिजवलं की मोडांतलं सत्त्व मरतं. इतक्या निष्ठेने त्या करताहेत की मला त्यांना मोडता घालायचा नाही. पण पोट गच्च होतं आणि दुपारी धड जेवण जात नाही. रक्त वाढावं म्हणून जे चाललंय, त्यानेच पोटात अन्न कमी जातंय, याची मला काळजी वाटते.

मोड आमच्याकडे नवे नाहीत. मटकीची उसळ आठवड्यातून एकदा ठरलेली, आणि श्रावणात वालाचं बिरडं सासूबाईच करतात. पण हे सगळं शिजवून. कच्चे मोड खायची रीत त्यांच्या माहेरीही नव्हती, आमच्याकडेही नव्हती.

मी थोडं वाचलं. सुक्या मुगात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं आणि मोड आलेल्या मुगात जेमतेम ३ ग्रॅम, असे आकडे दिसले. मग मोड आल्यावर प्रथिनं वाढतात असं जो तो का म्हणतो? माझा मुलगा जिमला जातो, तोही याच समजुतीने डबाभर कच्चे मोड नेतो.

दुसरी अडचण हवेची. उन्हाळ्यात मोड छान येतात, पण पाऊस लागला की फडकं दिवसभर ओलंच राहतं आणि संध्याकाळी उघडलं की आंबूस वास येतो. पाणी काढून पुन्हा धुतले तर चालतात का, की टाकून द्यायचे? जाणकारांनी कृपया नीट सांगा. सासूबाईंना कारण पटलं तर त्या ऐकतात, नुसतं 'नको' म्हटलेलं चालत नाही.

– सुगरण_परळ

---

कढीलिंब:

ताई, मी अन्नतंत्रज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुमच्या सासूबाईंना शिजवूनच द्या. कारणं सांगते.

आधी प्रथिनांचं. आकडे दोन्ही बरोबर आहेत, फरक पाण्याचा आहे. तक्त्यातले ते ३ ग्रॅमवाले मोड लांब, पांढरे असतात आणि त्यांत सुमारे ९० टक्के पाणी असतं. घरच्या अर्ध्या इंची मोडांत पाणी त्याहून कमी, म्हणून प्रथिनं थोडी जास्त भरतील. पण मूठभर मुगातली प्रथिनं मोड आल्याने वाढून दुप्पट होत नाहीत. मुलाला सांगा, डबाभर मोडांच्या जोडीला दही, पनीर, वरण हवंच.

मोडांचा खरा फायदा वेगळा आहे. दाण्यात फायटिक आम्ल असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. भिजवल्यावर आणि मोड येताना दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) ते तोडायला लागतं. पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्कराही कमी होतात. हे दोन्ही फायदे शिजवल्यावरही टिकतात, भजनी मंडळात हे जरूर सांगा. उष्णतेने जातं ते मुख्यतः क जीवनसत्त्व. सुक्या मुगात ते नगण्य, मोडांत १०० ग्रॅमला साधारण १३ मिलिग्रॅम. त्यातलं बरंच शिजताना जाईल. म्हणून गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळा. क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह शोषायला मदत होते, हिमोग्लोबिनसाठी तेच हवंय. आणि चहा जेवणाला लागून नको, तासभराने द्या.

आता कच्चे का नकोत. जंतू दाण्याच्या सालीवर किंवा सालीच्या बारीक भेगांत असू शकतात, आणि मोडांना लागणारी ऊब नि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. माग काढत गेल्यावर मेथीच्या मोडांपाशी पोहोचले. घरी स्वच्छ हाताने केलं तरी बियाण्यातच जंतू असतील तर उपयोग नाही. म्हणूनच वयस्कर माणसं, गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड देऊ नयेत असं सांगतात. मुगाला फार शिजवावं लागत नाही. हिंग-जिऱ्याची फोडणी, आलं, आणि झाकण ठेवून दाणा आतपर्यंत गरम होईल अशी दणकून वाफ.

आंबूस वास आला किंवा बोटाला तार लागली तर धुऊन वापरू नका, टाकून द्या. पावसाळ्यात मूग रात्री भिजवा, सकाळी पाणी पूर्ण निथळू द्या, आणि घट्ट पुरचुंडीऐवजी चाळणीत पातळ थर करून वर कोरडं, धुतलेलं सुती कापड टाका. दिवसातून दोन-तीनदा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. मोड जरासे डोकावले की लगेच शिजवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, तेही दोन दिवसांपुरतेच.

एक मात्र मोडांच्या भरवशावर सोडू नका. पूर्ण शाकाहार आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन, या दोन्हींनी बी-१२ कमी पडू शकतं, आणि मोडांत बी-१२ नसतं. डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. या वयात रक्त का कमी होतंय हे कळणं जास्त महत्त्वाचं.

---

गिरगावकर७२:

एक भर घालतो. राजम्याला मोड आणून कच्चा किंवा अर्धकच्चा खाऊ नये. त्यातलं लेक्टिन, म्हणजे पोट बिघडवणारं एक प्रथिन, खळखळून उकळल्यावरच जातं, मंद आचेवर जात नाही. ज्वारीच्या कोवळ्या मोडांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, तेही कच्चे नकोत. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून केलेलं सत्त्व मात्र सासूबाईंना चालेल, फक्त गूळ टाकू नका, मधुमेह आहे. ताकात शिजवून, मीठ-जिरं घालून द्या.

---

सुगरण_परळ:

कढीलिंबताई, गिरगावकर, मनापासून आभार. तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. फायटिक आम्लाचं त्यांना लगेच पटलं. उद्यापासून वाफवलेले मूग आणि लिंबू असं ठरलंय, वाटीऐवजी अर्धी वाटी. बी-१२च्या तपासणीसाठी शनिवारी डॉक्टरांकडे जातोय.

अजून एक विचारते. त्या मेथीदाणेही मोड आणून सकाळी चावून खातात. ते उसळीच्या फोडणीत टाकले तर कडूपणा उतरतो का?

---

कढीलिंब:

पूर्ण नाही, पण मोड आल्याने आणि तेलात परतल्याने बराच कमी होतो. चमचाभरच घाला. आणि मेथीने साखर उतरू शकते, तेव्हा गोळ्या चालू असताना त्या रोज मेथी खातात हे शनिवारी डॉक्टरांच्या कानावर घाला.