आजोबांचा फर्ग्युसन पेट्रोलचा की रॉकेलचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
निफाडजवळ आमच्या मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांचा राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा आहे, तो बुटका टीई-२०, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनायचा तो. मी शाळेत होतो तेव्हापासून बंदच. या दिवाळीत चालू करायचाच असं मी आणि भावाने ठरवलंय, पण टाकीत नेमकं ओतायचं काय इथेच घोडं अडलंय. तात्या म्हणतात डिझेल. वडील म्हणतात छे, रॉकेलवर चालायचा, तो वास अजून नाकात आहे. मिस्त्रीने बघितलं आणि सरळ पेट्रोल सांगून मोकळा झाला.

डिझेल नाही एवढं मलाही कळतं, ठिणगी पाडायचे चार प्लग आहेत, कॉईल आहे, डिस्ट्रिब्युटर आहे, डिझेलवाल्याचा फ्युएल पंप आणि नोझल कुठे दिसत नाहीत. पण मग टाकीला दोन झाकणं कशाला, एक मोठं एक छोटं? नंबरची पट्टी आहे डॅशवर, पण कुणीतरी तिच्यावरूनच रंगाचा ब्रश फिरवलाय. चुकीचं काही ओतून इंजिनची वाट लावायची नाहीये, कुणाला माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद १:
दोन झाकणं म्हणजे बहुतेक टीव्हीओवाला. टीव्हीओ म्हणजे ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल, रॉकेलचाच भाऊ समजा. छोट्या कप्प्यात पेट्रोल, त्याच्यावर स्टार्ट करायचा, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून मोठ्या कप्प्यावर घ्यायचा आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर, नाहीतर सकाळी थंड इंजिन उठत नाही. पट्टी थिनरने हळूच पुसा, पत्र्याने खरवडू नका, अक्षरं जातील. टीईए असेल तर पेट्रोल, टीईडी असेल तर टीव्हीओ, टीईएफ डिझेल. टीईएच पण असतो, तो दिव्याच्या तेलाचा, म्हणजे आपलं साधं रॉकेल.

प्रतिसाद २:
पट्टी बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. सत्तर वर्षांत टाकी बदलते, हेड बदलतं, अख्खं इंजिनसुद्धा बदलतं. मॅनिफोल्ड बघा, म्हणजे इंजिनला माल आत नेणारे आणि धूर बाहेर काढणारे पाइप. टीव्हीओवाल्यात आत येणारा माल एक्झॉस्टच्या उष्णतेने तापवतात, त्यासाठी वर पत्र्याचं कव्हर असतं. डॅशवर टेंपरेचरचा काटा आहे का तेही बघा, कारण इंजिन गार असताना रॉकेलची वाफ नीट होत नाही, ते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइल बघायच्या डिपस्टिकचा वास घ्या. आणि हो, टीव्हीओचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये माल किती दाबला जातो ते, कमी ठेवलेलं असतं, ४.८ ला १ च्या आसपास, पेट्रोलवाल्याचं ६ च्या जवळ. त्यामुळे टीव्हीओ इंजिनात नुसतं पेट्रोल टाकलं तर चालतं, फार तर ताकद थोडी कमी. उलटं करू नका, पेट्रोल इंजिनात रॉकेल टाकलं की ठोकायला लागतं. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं तेव्हा जुने रबरी पाइप आधी बदला.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार! पट्टी पुसली, टीईडी निघालं, नंबर दोन लाख दहा हजारच्या घरात, म्हणजे १९५१ चा माल. मॅनिफोल्डवरचं कव्हर मात्र गायब, नुसते बोल्ट राहिलेत, आणि मोठ्या कप्प्याचा पाइप कॉकपासून काढून तोंड पिटून बंद केलंय. आजीला विचारलं तर ती म्हणाली, पुढे पुढे रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहून तुझा आजोबा वैतागला, मग पेट्रोलवरच चालवायचा. म्हणजे वडील पण बरोबर आणि मिस्त्री पण. तात्यांना डिझेल कुठून आठवलं? तर शेजारच्या मळ्यात टीईएफ होता, बाहेरून अगदी असाच दिसायचा. तात्या अजून मान्य करत नाहीयेत, असो.

ऑइलला रॉकेलचा वास आहे, ते तर काढून टाकणारच. सध्या छोट्या कप्प्यात दोन लिटर पेट्रोल टाकून बघावं म्हणतो. आता पुढचा प्रश्न, याचा स्टार्टर गियरच्या दांडीनेच लागतो ना, एस खुणेवर ढकलून? नवीन बॅटरी लावली तरी नुसता टक असा आवाज येतोय आणि काहीच फिरत नाही. स्टार्टर खोलू की आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरतंय का बघू?