सोसायटी ग्रुप: शिवाजी पार्कातला चेंडू आणि लाल माती

शुभदा (३०२): आज सकाळी पावणेसातला पार्कात फेरी मारताना आईच्या नडगीवर चेंडू बसला. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, पण पाय काळानिळा झालाय. पोरं "सॉरी आजी" म्हणून पळाली. त्यातला एक आपल्याच बिल्डिंगमधला. नाव लिहीत नाही. गच्चीच्या टाकीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेलच.

रवीकाका (१०१): अरेरे. दोन दिवस बर्फच लावा, शेक नको. काकूंना नमस्कार सांगा.

केतकी (२०३): शुभदाताई, टाकीचं लिहिलंत म्हणजे नाव लिहिल्यासारखंच झालं. हो, आमचा अर्णव होता तिथे. पण तो फील्डिंगला होता, शॉट त्याने मारलेला नाही. काकूंना लागलं त्याचं खरंच वाईट वाटतंय. संध्याकाळी येऊन भेटते.

शुभदा (३०२): तू कशाला? त्यालाच पाठव.

भाऊकाका (००२): मूळ मुद्दा पार्कातून उडणाऱ्या लाल मातीचा आहे. पाणी पहाटे ६ च्या आत मारलं तरच धूळ बसते. उन्हं वर आल्यावर मारून उपयोग नाही.

निखिल (४०१): मैदान म्हटलं की क्रिकेट आलंच ना ताई. सचिन इथेच घडला. गेट नंबर ५ ला त्याच्या गुरूंचं, आचरेकर सरांचं स्मारक झालंय, ते या खेळासाठीच.

शुभदा (३०२): सर स्टंपवर नाणं ठेवून नेटमध्ये घोटवून घ्यायचे रे. चालणाऱ्या माणसांकडे आडवी बॅट फिरवायला नव्हतं शिकवलं त्यांनी.

समीर (३०१): 😄 एक नंबर

निखिल (४०१): हसण्यावारी नका नेऊ. रविवारी एका मॅचचा थर्ड मॅन दुसऱ्या मॅचच्या अंपायरला खेटून उभा असतो. २८ एकर ऐकायला खूप वाटतात. त्यात जिमखाना, व्यायाम मंदिर, नाना-नानी पार्क हे सगळं आलं. उरलेल्यात सगळी मुंबई खेळायला येते. मुलांनी जायचं कुठे?

विद्याताई (१०३): सगळ्यांनीच यायचं, म्हणून तर ते मैदान आहे. १९२५ ला लोकांसाठी खुलं झालं तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ ला नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी मागणी लावून धरली, म्हणून शिवाजी पार्क झालं. एका बाईने मिळवून दिलेलं नाव आहे ते. आणि आज त्याच मैदानात बाईमाणसाला जीव मुठीत धरून चालावं लागतंय.

समीर (३०१): ताई, २०२० पासून छत्रपती शिवाजी महाराज पार्क.

विद्याताई (१०३): माहीत आहे मला. मी १९२७ चं सांगत होते.

भाऊकाका (००२): पुन्हा सांगतो. मूळ मुद्दा माती. पाणी पहाटे ६ च्या आत.

समीर (३०१): काका, पाण्याचा विषय तुम्हीच काढलात म्हणून विचारतो. काल तुमच्या ड्रायव्हरने पाइप लावून अर्धा तास गाडी धुतली. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर बादलीभर पाणी नव्हतं.

भाऊकाका (००२): गाडीवर धूळ कसली असते? पार्काचीच ना?

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. लिफ्टच्या वर्गणीत अजून ४ फ्लॅट बाकी आहेत.

मेधा (१०२): भाऊकाकांचं म्हणणं सोडून देऊ नका. मार्चपासून आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्या बंद आहेत. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तुळशीवर, चादरींवर, चिरलेल्या भाजीवरसुद्धा लाल थर. धाकट्याला रात्री नेब्युलायझर द्यावा लागतो. ही माती पिचला चांगली, पण वर गवत नसलं की सुटी होऊन उडते. पावसात तिचाच चिखल. नुसतं पाणी मारून भागत नाही, गवत धरायला हवं. त्यासाठी मैदानाचा एकेक तुकडा आळीपाळीने पायाखालून सोडवला पाहिजे.

रवीकाका (१०१): गवत टिकतंय कसलं? आज मंडप, उद्या सभा. २०१० ला हायकोर्टाने शांतता क्षेत्र ठरवलं, तरी चार दिवस नुसते मिळाले की...

समीर (३०१): आता सभांवर घसरू नका काका, रात्र पुरणार नाही.

रवीकाका (१०१): पक्षाचं नाव घेतलं का मी? ६ डिसेंबरला पण केवढे मंडप असतात ते बघ.

प्रज्ञा (४०२): काका, तिथे थांबा. माझे मामा दरवर्षी जालन्याहून चैत्यभूमीवर येतात. रात्रभर रांगेत उभे राहतात आणि याच मैदानात पाठ टेकतात. धूळ वर्षभर उडते. तिचं खापर त्या माणसांवर फोडू नका.

रवीकाका (१०१): तसं म्हणायचं नव्हतं मला.

प्रज्ञा (४०२): वाचताना तसंच वाटलं.

विद्याताई (१०३): रवी, यंदा मामा आले की त्यांना आपल्याकडे आंघोळीला बोलाव. दरवर्षी मीच बोलावते. प्रज्ञा, त्यांचा गुडघा कसा आहे आता?

प्रज्ञा (४०२): बरा आहे ताई. तुमची आठवण काढतात.

रवीकाका (१०१): जरूर बोलावतो. प्रज्ञा, चुकलं माझं.

शुभदा (३०२): माझं एवढंच म्हणणं आहे. मला क्रिकेट बंद नकोय. माझा भाऊ तिथेच खेळला, पांढरी पँट लाल करून घरी यायचा आणि आई ती धुवायची. सकाळी ६ ते ८ या वेळात चालायच्या वाटेलगतच्या पिचवर जोरात मारायचं नाही. किंवा त्या बाजूला जाळी हवी. पत्रावर चालणाऱ्यांच्या सह्या हव्यात आणि खेळणाऱ्या मुलांच्याही. नुसत्या म्हाताऱ्यांचं पत्र गेलं तर कोणी उघडणार नाही.

निखिल (४०१): हे पटतं. आमच्या टीमच्या अकरा सह्या देतो. जाळी लागली तर आम्हालाही बरं, बॉल रस्त्यावर जाणार नाही.

मेधा (१०२): त्यातच गवताचं लिहा.

भाऊकाका (००२): आणि पाणी पहाटे ६ च्या आत.

शुभदा (३०२): हो काका, लिहिते. पहिलं तेच लिहिते.

सेक्रेटरी: पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर नको. पुनर्विकासाची फाइल अडकली आहे, त्यात हे नको.

केतकी (२०३): मग साध्या कागदावर लिहू. अर्णव आत्ता वर गेलाय तुमच्याकडे, ताई.

शुभदाची आई (३०२): मुलगा आला होता. लाडू खाल्लान. शॉट त्यानेच मारला होता, मला सांगितलंन. केतकी, रागावू नकोस त्याला. चेंडू माझ्या पिशवीत राहिला होता, तो दिला.

केतकी (२०३): 🙏

मेधा (१०२): लिफ्ट चालू आहे का? सह्यांचा कागद घेऊन वर येते.