चोक काढताच बंद पडणारी जुनी चेनसॉ

प्रश्न : कोल्हापुरातील घरच्या कार्यशाळेत मी एक जुनी टू-स्ट्रोक चेनसॉ दुरुस्त करत आहे. स्पार्क चांगला पडतो, चोक लावल्यावर इंजिन सुरूही होते. परंतु चोक काढून थ्रॉटल दाबताच ते बंद पडते. नवा कार्बोरेटर घ्यावा का?

उत्तर : इतक्यात घेऊ नये. अशा इंजिनाला बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत असते; चोक हवा अडवतो, म्हणून तो लावल्यावरच ते चालते. टाकीतील फिल्टर, इंधननळी आणि कार्बोरेटरमधील कडक झालेला डायाफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचीक पडदा) तपासावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत दीर्घकाळ राहिले की जुने रबर लवकर खराब होते. मात्र त्याही आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या छिद्रातून पिस्टन पाहावा, कारण त्यावर उभे खोल ओरखडे असतील तर कार्बोरेटरवर केलेला सारा खर्च वाया जाईल.

दुसरे उत्तर : क्रँकचे ऑइल सीलही (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या) पाहावेत. ते खराब असतील तर बाहेरची हवा क्रँककेसमध्ये (त्या दांड्याच्या बंद कप्प्यात) शिरते, इंधनासोबत येणारे वंगण अपुरे पडते आणि नवा पिस्टनही घासला जातो. सीलवरील माप घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत चौकशी करावी, पण पेट्रोल सहन करणारे रबरच मागावे.

प्रश्नकर्ता : पिस्टन गुळगुळीत आहे, इंधननळी मात्र वाकवताच तुटली. नळी आणि डायाफ्राम बदलतो. ऑइल किती मिसळावे?

उत्तर : यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाणच पाळावे. ते ५०:१ असेल, तर १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलि टू-स्ट्रोक ऑइल. आणि यंत्राला चेन ब्रेक (यंत्र उसळल्यास साखळी थांबवणारा ब्रेक) आहे का, हे कृपया पाहावे. अनेक जुन्या यंत्रांना तो नसतो.