गेल्या वर्षीचे मटार होळीपर्यंत पिवळे पडले, यंदा काय बदलू?

शेवगा, डोंबिवली

नमस्कार. गेल्या जानेवारीत मटार स्वस्त झाले तेव्हा पाच किलो शेंगा आणल्या. सासूबाई आणि मी दोन संध्याकाळी बसून सोलल्या. दाणे धुतले, पिशवीत भरले आणि फ्रीझरात टाकले. होळीच्या सुमाराला काढले तर दाणे पिवळट, वर बर्फाचा चुरा आणि उसळीला वाळक्या गवताचा वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटात त्यांनी मटार बाजूला सारलेले मला दिसले. त्यांची बोटं संधिवाताने दुखतात, तरी सोलायला बसल्या होत्या. यंदा ती मेहनत वाया जाऊ द्यायची नाही.

शिवाय मे अखेरीस, मासेमारी बंद व्हायच्या आधी, भाऊ सुरमई आणून देतो. ती आणि ओलं खोबरं कसं ठेवायचं तेही सांगा. फ्रिज दोन दारांचा आहे.

आगरातली, अलिबाग

अगं, तुला एकेरीत लिहिते, माझी लेक तुझ्याच वयाची असेल.

तुझे मटार कच्चेच गेले, तिथे घात झाला. थंडीने दाण्यातले एन्झाइम मंदावतात, मरत नाहीत. रंग आणि चव तेच खातात. त्यांना आधी उकळत्या पाण्याचा चटका द्यावा लागतो. मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाणी खळखळू दे. एका वेळी अर्धा किलोच दाणे टाक, जास्त टाकलेस तर पाणी थंड पडतं आणि दाणे नुसते शिजत बसतात. पुन्हा उकळी आली की घड्याळ लावून दीड मिनिट. लगेच झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात, आतपर्यंत गार होईस्तोवर. हिरवा रंग राहावा म्हणून काही जणी सोडा घालतात, तू घालू नकोस. साल बुळबुळीत होते आणि दाणा पिठूळ लागतो.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच आपण घाईत उरकतो. दाणे पंच्यावर पसर, वरून दुसरा पंचा फिरव, पंख्याखाली अर्धा तास ठेव. हाताला ओल लागता कामा नये. मग ताटात एकेरी थर करून फ्रीझरात, तीन-चार तासांत दाणे गोट्यांसारखे वाजायला लागतात. तेव्हा पिशवीत भर, हवा दाबून काढ, तारीख लिही. एका भाजीला लागतील तेवढेच एका पिशवीत. शिजवताना वितळवायचे नाहीत, थेट फोडणीत टाकायचे.

खोबरं खवलं की धुवायचं नाही. पिशवीत भरून लाटण्याने पोळीसारखं सपाट कर. लागेल तेवढा तुकडा मोडून घेता येतो. वाटणाला कोमट पाणी घाल, गार पाण्यात खोबऱ्याचं तेल गोठून वाटण कणीदार होतं.

सुरमईच्या तुकड्या धुऊन अगदी कोरड्या टीप. हळद-मीठ लावून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, पण महिनाभर ठेवायची असेल तर मीठ नको, मिठाने माशाची चरबी लवकर खवट होते. हळद-मीठ तळायच्या दिवशी. दोन तुकड्यांच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घाल. बंदी 1 जून ते 31 जुलै, तेवढे दोन महिने सुरमई छान निघते. बांगडा तेलकट, तो आधी संपव. कोळंबी सोलून डब्यात घाल आणि बुडेल इतकं पाणी ओत, त्या बर्फात तिला हवा लागत नाही. ओले बोंबील मात्र ठेवू नकोस, ते सगळे पाणीच असतात, वितळले की लगदा. त्या दोन महिन्यांत आम्ही सुकेच खातो.

आमरसाचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. डब्यात दोन बोटं जागा सोड. पाणी गोठताना फुगतं. माझ्या आईची काचेची बरणी अशीच तडकली, आणि काचेच्या भीतीने दोन डझन हापूसचा रस टाकावा लागला. अजून मनाला लागतं ते.

फ्रिजवाला, सातारा

सत्तावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतो. काकूंनी सांगितलेलं सगळं उणे 18 अंशांचं गणित आहे. जुन्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही, तिथे ठेवलेलं महिन्याभरात संपवा. ताई, तुमचा दोन दारांचा चालेल, पण एकाच दिवशी पाच किलो कोंबू नका. गोठायला वेळ लागला की बर्फाचे खडे मोठे होतात, दाण्याची भिंत फाडतात, आणि वितळल्यावर पाणी सुटतं.

चिकटलेलं पाकीट सुरीने कधीच सोडवू नका. एकदारी फ्रिजमध्ये गॅसची नळी कप्प्याच्या पत्र्यातच असते. या एका कारणाने भोक पडलेले किती कप्पे बदलले, मोजलेले नाहीत.

गावाला जाताना वाटीभर पाणी गोठवून वर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे वीज बराच वेळ गेली होती, मासे टाकून द्या.

शेवगा, डोंबिवली

काकू, दादा, मनापासून आभार. पाच किलो शेंगांचे सव्वादोन किलोच्या आसपास दाणे निघाले, तीन दिवसांत विभागून केले. सासूबाईंनी खुर्चीत बसून घड्याळ धरलं, "झालं दीड मिनिट, काढ" त्याच म्हणायच्या. एक पिशवी घाईत ओली भरली गेली, तिचा गोळा झालाय. ती आधी वापरते.

काकू, कैरीचा कीस तसाच ठेवला तर चालेल का?

आगरातली, अलिबाग

चालतो, चटका द्यायला नको, आंबटपणा त्याला सांभाळतो. मूठ-मूठ भरून ठेव. वितळल्यावर मऊ पडतो, तेव्हा आमटीला आणि कोळंबीच्या कालवणाला वापर. लोणच्याला नको.