बाग कापली तर सरकारनं भरपाई का द्यायची? ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर

बांधावरचा

परवा इथं एकानं लिहिलं, "बाग तोडली तर पोलिसांत जा, लोकांच्या कराचे पैसे कशाला मागता? माझी दुचाकी चोरीला गेली तेव्हा मला कोणी दिले?" वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तासगाव भागात माझी सव्वा एकर द्राक्षबाग. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन साठ दिवस झालेले, मणी हरभऱ्याएवढे. सकाळी फवारणीला ट्रॅक्टर घातला तेव्हा काहीच कळलं नाही. पानं हिरवीगार, घड तारेला लोंबलेले. तिसऱ्या ओळीत पायाखाली लाकडाचा भुसा दिसला म्हणून वाकलो. जमिनीपासून वीतभर वर, कलमाच्या जोडाखाली, करवतीनं खोड आरपार. ४११ झाडं. दुपारी ऊन चढलं तशी शेंड्यांनी मान टाकली. आई एकेक खोड हातानं जुळवून बघत होती.

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, पुढं काही नाही. द्राक्षाचा विमा हवामानावर चालतो, करवतीवर नाही. पंतप्रधान पीकविम्यातही मुद्दाम केलेलं नुकसान वगळलेलं आहे. गारपीट झाली असती तर फळबागेला आपत्तीच्या निकषानं हेक्टरी २२,५०० रुपये तरी होते. रानडुकरांनी उभं पीक तुडवलं तर वनखातं देतं, कारण परवानगीशिवाय डुकराला मारायचं नाही असा कायदा आहे. मग चोराला हात लावायचा नाही, ते काम सरकारचं, हेही कायदाच सांगतो ना? काम अंगावर घ्यायचं आणि ते झालं नाही की झळ मी एकट्यानं सोसायची, हे मला पटत नाही.

करदाता

ते मीच लिहिलं होतं. तुमच्या बागेचं खरोखर वाईट वाटलं. पण मुद्दा सोडत नाही. एक रुपयात पीकविमा २०२३ला आला, बोगस अर्ज निघाले आणि २०२५ला योजना गुंडाळावी लागली. तिथं निदान पाऊस मोजता येतो. रात्री करवत कोणी चालवली हे कसं मोजणार? दर नाही, कर्ज फिटत नाही, म्हणून लोक स्वतःच बागा काढतायत. त्यातला एखादा अज्ञात इसमाच्या नावावर काढणार नाही याची हमी कोण देतं? आणि गावातल्या किराणा दुकानदाराचं शटर फोडलं तर त्यानं काय पाप केलं?

काळी माती

स्वतःच्या बागेवर करवत? मुळासाठी डॉगरिज जातीचे खुंट लावायचे, त्यावर द्राक्षाचं कलम भरायचं, बांबू, तारा, अँगल उभे करायचे आणि पहिल्या घडाला दीड-दोन वर्षं थांबायचं. दुचाकी चोरीला गेली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसरी आणली. आम्ही दुसऱ्या दिवशी बाग कुठून आणायची? बोलायच्या आधी एकदा बांधावर येऊन बघा.

विहीरवाला

बागांचं बोलताय तर केबलचंही बोला. दोन वर्षांत माझ्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चार वेळा चोरीला गेली. ओढ्याकाठी वायर जाळतात, वरचं प्लास्टिक वितळतं, तांबं निघतं. काळी राख अजून तिथं आहे. चोराला त्याचे दीड हजार मिळत असतील. माझे प्रत्येक वेळी चौदा हजार गेले, शिवाय आठ दिवस पाणी बंद. तक्रारीला गेलो तर म्हणाले साधा अर्ज देऊन जा. गुन्हाच नोंदवत नाहीत तर भरपाई कशावर मागायची? सगळं मूळ भंगारवाल्यांत आहे. घेणाराच नसेल तर चोरी होईल का?

लोखंडपत्रे

माझ्या वडिलांचं तालुक्याला तीस वर्षं भंगाराचं दुकान आहे. सरसकट चोर म्हणू नका. जळकी तार घेऊन येणारा तुमच्याच गावचा असतो. आधार कार्ड मागितलं की उठून पुढच्या दुकानात जातो. आम्ही घेत नाही, म्हणून आमचा धंदा निम्मा झाला. त्याची भरपाई कोणी देईल का?

विहीरवाला

मग नाव पोलिसांना का कळवत नाही? तीस वर्षांत एकदा तरी कळवलं का?

लोखंडपत्रे

दोनदा. दुसऱ्या वेळी आमच्याच दुकानाचा गाळा पेटवला. तुमच्या गावातलं कोणी साक्षीला आलं नाही.

काळी माती

भाऊ, हे माहीत नव्हतं. पण वजन, तारीख, विकणाऱ्याचं नाव लिहिलेली वही सगळ्या दुकानांना सक्तीची हवीच. आमच्या डीपीतलं, म्हणजे शेतावरच्या ट्रान्सफॉर्मरमधलं, तेल आणि तांबं चोरीला गेलं तेव्हा नऊ जणांनी वर्गणी काढली आणि गव्हाचं एक पाणी चुकलं ते चुकलंच.

कळवणची लेक

केबल पुरे आता. आमच्या कांदा साठवायच्या चाळीत कोणी युरिया टाकला होता. वरून काही दिसत नाही. चार-पाच दिवसांनी खालून पाणी सुटलं, वास घरापर्यंत आला. हात घातला तर कांदा बोटातून गळत होता. कोणी केलं ते आम्हाला ठाऊक होतं, घरातलाच माणूस, बांधाचा वाद. सासऱ्यांनी नाव दिलं नाही, अज्ञात म्हणून लिहून दिलं. आता मला दोन्ही बाजू दिसतात. सरकारनं पैसे दिले असते तर मुलीची फी थकली नसती. पण पैसे आले असते तर ते नाव आम्ही कधीच घेतलं नसतं, आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या चाळीत गेला असता.

करदाता

ताई, माझी भीती हीच आहे. तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडली.

ह्यूस्टनकर

इकडे टेक्सासमध्ये २०२३ला कायदा झाला. सीमेवरच्या गुन्ह्यांमुळे शेतजमिनीचं, कुंपणाचं, पिकाचं नुकसान झालं तर राज्य एका घटनेला ७५,००० डॉलरपर्यंत देतं. पोलिसांचा लेखी अहवाल लागतो. मात्र शेजाऱ्यानं रागानं कुंपण तोडलं तर त्यात बसत नाही.

काळी माती

डॉलर तुमच्याकडे ठेवा. इथं अहवाल लिहायलाच कोणी येत नाही.

माजी तलाठी

नवीन कायदा मागायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ३९६ बघा. गुन्ह्यामुळे हानी किंवा इजा झाली आणि पुनर्वसनाची गरज असेल तर राज्याची भरपाई योजना हवी, आणि आरोपी सापडला नाही तरी पीडित विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. अडचण योजनेच्या तक्त्यात आहे. तिथं मृत्यू, इजा, अत्याचार आहेत, पीक नाही. भांडायचं ते तक्त्यासाठी. आणि शेतकऱ्यालाच वेगळं का, असं विचारणाऱ्यांसाठी: आग लावून नुकसान केलं तर जादा शिक्षेसाठी इतर मालाचं किमान १०० रुपयांचं नुकसान लागायचं, शेतमालाचं १० रुपयांचंही पुरायचं. हे जुन्या दंड संहितेत होतं; नव्या न्याय संहितेत रकमेची अट गेली, पण शेतमालाचा उल्लेख आहेच. उभं पीक वेगळं, हे इंग्रजालाही कळत होतं.

करदाता

दहा रुपयांचं मला माहीत नव्हतं. ठीक. गुन्हा नोंदलेला हवा, आठ दिवसांत कृषी खात्याचा पंचनामा हवा, रकमेला मर्यादा हवी, आणि आरोपी सापडला की वसुली त्याच्याकडून. एवढं असेल तर माझा विरोध नाही. दुचाकीची तुलना मागे घेतो. बाजारभावानं पूर्ण भरपाई म्हणाल तर मात्र नाहीच.

बांधावरचा

बाजारभाव मी मागितलाच नव्हता. मार्चअखेर सोसायटीचं पीककर्ज भरायचंय, त्याला हातभार लागला असता तरी पुष्कळ होतं. कापलेल्या खोडांखालून डॉगरिजचे फुटवे आलेत. एकेक जोमदार ठेवून बाकीचे काढले. ऑगस्टमध्ये पुन्हा कलम भरणार. तोवर बागेतच खाट टाकलीय, आई रोज अंधार पडायच्या आत डबा आणून देते.